साडेसात टनी ट्रकचे फिरते घर: कच्च्या रस्त्यावर अंग का मोडते?

चाकोरीबाहेर:
दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयतांनी एक वापरलेला, साडेसात टनांच्या आतला, बीएस-४ डिझेल ट्रक घेतला. त्याचा हौदा उतरवून भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये १३ फूट लांबीची पेटी बसवून घेतली. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, सौर पॅनेल असे सगळे आहे. फोर व्हील ड्राइव्ह नाही आणि मला दगडांवरून उड्या मारायच्याही नाहीत. सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवरून, धरणांच्या मागच्या बाजूने, पुढे कधी कच्छ किंवा स्पितीपर्यंत अंग न मोडता जाता यावे, एवढीच अपेक्षा आहे.

पुणे ते वेल्हे प्रवास बरा झाला. पुढे केळदकडे जाताना मात्र ताशी १५ किलोमीटरच्या वेगातही कपाटांची दारे उघडून डबे खाली आले आणि सौ.ची पाठ दोन दिवस धरली. दुसरी अडचण मला अधिक काळजीची वाटते. एक चाक खड्ड्यात असले की पेटीचे मागचे दार उघडत नाही, गाडी सपाटीवर आणली की तेच दार बोटाने उघडते. घरी आल्यावर पाहिले तर पेटीच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यात वीतभर चीर गेली होती. ज्यांनी पेटी बसवली ते म्हणतात की रस्ता खराब असल्यावर असे होणारच.

मला आतापर्यंत हवेचे फुगे असलेले सस्पेन्शन, मोठे टायर आणि महागडे आसन अशा तीन सूचना आल्या आहेत. तिन्ही मिळून खर्च ट्रकच्या निम्म्या किमतीच्या घरात जातो. सुरुवात कशापासून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना फिटर:
यांपैकी एकही वस्तू विकत घेण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या. पाण्याची टाकी भरा, डिझेल भरा, कपडे, भांडी आणि तुम्ही दोघे, असा प्रवासाला निघतानाचा सगळा भार असू द्या. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्या, मग सबंध गाडी, मग फक्त मागची चाके. काटेवाला वैतागेल, तेव्हा सकाळी लवकर जा. त्यानंतर जमल्यास एकदा फक्त डावी आणि एकदा फक्त उजवी बाजू घ्या. हे आकडे हाती नसताना कमानींविषयी, म्हणजे आसावरच्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांविषयी, बोलणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे.

चाकोरीबाहेर:
काका, शनिवारी पहाटे मार्केट यार्डच्या बाजूच्या काट्यावर जाऊन आलो. पुढचा आस २,१०० किलो, मागचा ३,०५०, एकूण ५,१५०. डावी बाजू उजवीपेक्षा २४० किलोने जड निघाली, याची मला कल्पनाच नव्हती. मागच्या आसाची क्षमता कागदावर सुमारे पाच टन आहे.

जुना फिटर:
म्हणजे पाच टनांसाठी बनवलेल्या आसावर तुम्ही तीन टन घेऊन फिरता आहात. कारखान्याने त्या कमानी सिमेंटची पोती भरून खड्ड्यातून जाण्यासाठी दिल्या आहेत. पुरत्या न भरलेल्या ट्रकमध्ये बसलेला माणूस उडतो, यात कमानीचा दोष नाही.

एक साधा हिशेब मांडतो. चेसिस जॅकवर घेऊन कमानीवरचा भार पूर्ण काढा आणि उंची मोजा, मग गाडी खाली घेऊन पुन्हा मोजा. या दोन मापांतला फरक म्हणजे कमान उभ्या भाराने किती दबते ते. ती ५ सेंटिमीटर दबत असेल तर गाडीचे मागचे अंग सेकंदाला सुमारे सव्वादोन वेळा खालीवर होते. १० सेंटिमीटर दबत असेल तर सुमारे दीड वेळा. दीडच्या आसपासची हालचाल माणसाला झोपाळ्यासारखी वाटते, दोनच्या पुढे ती टोचू लागते. सेकंदाला ४ ते ८ कंपने तर बसलेल्या माणसाच्या पोटाला आणि मणक्याला सर्वांत त्रासदायक असतात. कमानी हालेनाशा झाल्या की गाडी टायरवरच उसळत राहते आणि तेव्हा कंपने नेमकी याच टापूत येतात.

कमानी हालेनाशा का होतात, ते आता सांगतो. गाडी जुनी आहे, पाट्यांमध्ये गंज आणि चिखल बसला असणार. पूर्ण भार असताना पाटे ते घर्षण मोडून सरकतात, हलक्या भाराला ते एकमेकांना धरून बसतात आणि नऊ पाट्यांचा एक ठोकळा होतो. त्यामुळे आधी कमानी उतरवा, पाटे सुटे करून तारेच्या ब्रशने घासा, ग्राफाइटचे ग्रीस लावून पुन्हा बांधा. शॅकलचे (कमानीचे टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश आणि पिना बदला. हे काम झाल्यावर केळदला पुन्हा एक फेरी मारा आणि मगच पाटे काढण्याचा विचार करा.

पाटे काढायची वेळ आलीच तर एक चूक टाळा. बहुतेक जण आधी वरचे हेल्पर पाटे, म्हणजे जास्त भार आल्यावरच टेकणारे पाटे, काढतात, कारण ते काढायला सोपे असतात. तुमच्या वजनाला हेल्पर टेकतच नसणार, त्यामुळे ते काढून प्रवासात काही फरक पडत नाही आणि मोठ्या खड्ड्यात कमान सावरणारा आधार मात्र जातो. हेल्पर राहू द्या. मुख्य जुडीतले एक किंवा दोन पाटे काढा, पण सगळ्यांत खालचे आखूड पाटे सरसकट उडवू नका. त्यामुळे उरलेल्या लांब पाट्यांवर सेंटर बोल्टजवळच ताण येतो आणि मेन पाटा तिथेच तुटतो. पाट्यांची लांबी पायरीपायरीने उतरती राहिली पाहिजे. हे काम अनुभवी कमानवाल्याकडूनच करून घ्या.

आणखी एक गोष्ट पाहा. मागे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आहेत का?

चाकोरीबाहेर:
मागे नाहीत, फक्त पुढे आहेत.

जुना फिटर:
मग ते बसवा. मालवाहू गाडीत मागे पाट्यांच्या घर्षणावरच काम भागवलेले असते. तुम्ही ग्रीस लावून घर्षण कमी करणार, तेव्हा उसळी शोषणारे दुसरे काहीतरी हवेच. नाहीतर गाडी मऊ होईल, पण होडीसारखी डुलेल आणि मग तुम्ही मलाच बोल लावाल.

लोखंडी पेटी:
कमानींवर काकांनी लिहिल्यावर मी वेगळे काही सांगायला नको. पण धाग्यात सर्वांत गंभीर लक्षण दार न उघडण्याचे आहे आणि त्याचा कमानींशी जवळजवळ संबंध नाही. मी चाकणला रेफ्रिजरेटेड आणि इतर बंद पेट्या बनवण्याच्या कामात बरीच वर्षे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ट्रकची चेसिस म्हणजे इंग्रजी सी अक्षराच्या छेदाच्या दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, म्हणजे एक शिडीच. उभ्या भाराला ती भक्कम असते, पण पिळाला ती मुद्दाम लवचिक ठेवलेली असते. खडबडीत जागी चारही चाके जमिनीला टेकून राहावीत यासाठी कमानींच्या जोडीने चेसिसही पिळते आणि हा तिचा गुण आहे. तुमची पेटी मात्र सहा बाजूंनी बंद आहे, ती पिळायला अजिबात तयार नसते. अशी पेटी चेसिसला यू-बोल्टने चारही कोपऱ्यांत आवळली की पिळणारी शिडी आणि न पिळणारा डबा यांची झटापट सुरू होते. डबा हरला तर कोपऱ्यात चीर जाते आणि दाराची चौकट तिरकी होते. डबा जिंकला तर चेसिसला चीर जाते, तेव्हा तुमचा डबा हरला हे नशीबच समजा.

यावर दोन प्रस्थापित उपाय आहेत. पहिला तीन बिंदूंवरचा आधार, म्हणजे दोन आधार एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला मध्यभागी एकच फिरता आधार. मर्सिडीजच्या युनिमॉगवरच्या पेट्या याच तत्त्वाने बसवतात, कारण त्या गाडीची चेसिस फारच पिळते. दुसरा उपाय आपल्यासारख्या ट्रकना सोपा पडतो. पेटीखाली सबफ्रेम, म्हणजे स्वतंत्र चौकट, असते आणि ती चेसिसच्या तुळयांवर लांबीभर टेकलेली असते. मागच्या बाजूला ती पक्की बोल्ट केलेली असते, पुढच्या बाजूला मात्र जाड स्प्रिंग घातलेले लांब बोल्ट असतात. चेसिस पिळली की पुढच्या एका कोपऱ्यात सबफ्रेम चेसिसपासून सुटून वर राहते, स्प्रिंग दबते आणि गाडी सरळ झाली की सबफ्रेम पुन्हा जागेवर बसते. पेटी आडवी सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना मार्गदर्शक पट्ट्या लागतात, त्या विसरू नका.

दोन सक्त सूचना आहेत. चेसिसच्या तुळईच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला कधीही भोक पाडू नका, भोक पाडायचेच तर उभ्या भागात आणि कारखान्याच्या सूचनेप्रमाणे पाडा. आणि चेसिसवर वेल्डिंग करू नका. वेल्डिंगच्या कडेलाच पुढे चीर जाते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता मोजणे सोडले आहे.

चाकोरीबाहेर:
आपण लिहिल्याप्रमाणे घरच्या घरी एक प्रयोग करून पाहिला. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या सागाच्या जुन्या फळ्यांची चळत रचून मागचे डावे चाक २५ सेंटिमीटर वर घेतले आणि पुढचे उजवे चाक तशाच दुसऱ्या चळतीवर चढवले. केबिनची मागची भिंत आणि पेटीची पुढची भिंत यांच्यामध्ये सपाटीवर सगळीकडे ११ सेंटिमीटर अंतर असते. आता वरच्या एका कोपऱ्यात ते सात झाले आणि दुसऱ्या कोपऱ्यात पंधरा. मागचे दार अडकले. सौ. आत होती, ती म्हणाली की ओट्यावरची फरशी कुरकुरते आहे. मी खाली वाकून पाहिले तर पुढच्या उजव्या यू-बोल्टने लाकडी पट्टी चिरडून तिचा भुसा केला होता. रस्ता खराब असल्यावर असे होणारच, या वाक्यावर माझा आता विश्वास उरलेला नाही.

लोखंडी पेटी:
फार चांगला प्रयोग केलात, पण जॅक आणि चळती वापरताना गाडीखाली जाऊ नका, ही विनंती. केबिन आणि पेटी यांच्यामधून आत जायची वाट ठेवायचा विचार असेल तर तिथे भाता लागेल, पक्की चौकट टिकणार नाही. हे अंतर किती बदलते, ते आपण मोजलेच आहे.

उंडगी:
मी आणि माझी बहीण गेली चार वर्षे अशाच एका ट्रकमधून फिरतो, त्यामुळे आतल्या बाजूचे थोडे लिहिते. डावी बाजू २४० किलोने जड असण्याचे कारण बहुधा पाणी असेल. एक लिटर म्हणजे एक किलो. दोनशे लिटरची टाकी एका भिंतीला लावली की गाडी कायमची एका कुशीवर झोपते आणि त्या बाजूची कमान लवकर बसते. टाकी खाली, दोन आसांच्या मध्ये आणि मधोमध असावी. तिच्यात आडवे पडदे असावेत, नाहीतर अर्ध्या भरलेल्या टाकीतले पाणी वळणावर गाडीला ढकलते. वरंध घाटात हा अनुभव घेतल्यावर आम्ही टाकी बदलली.

गॅस सिलिंडर ठेवलेल्या कप्प्याच्या तळाशी बाहेर उघडणारे भोक आहे ना, तेही पाहा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली की तो तळाशी साचतो आणि वरची खिडकी उघडी असून उपयोग होत नाही.

कपाटांना चुंबकी कड्या लावू नका, दाबून उघडणारी कुलपे लावा. डब्यांचा प्रश्न त्याच दिवशी सुटेल.

रिकामा टोप:
मोठे सिंगल टायर हा एकच उपाय आहे, बाकी सगळी मलमपट्टी आहे. मागचे जोडटायर काढून टाका.

उंडगी:
दादा, जोडटायरच्या फटीत दगड अडकतो आणि दोन्ही टायरच्या भिंती कापतो, हे खरे आहे. चिखलात आणि वाळूत पुढच्या चाकांनी पाडलेल्या चाकोरीत मागची जोडी मावत नाही, हेही खरे आहे. पण सिंगल करायचे तर रिम, ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते), हबवरचा भार आणि एका टायरची क्षमता यांचा मेळ बसला पाहिजे. मागच्या आसावर तीन टन म्हणजे प्रत्येक टायरवर दीड टन. १६ इंची रिमला त्या क्षमतेचा आणि रस्त्यासाठी मंजूर असलेला टायर आधी शोधा, मग बोला. आम्ही जोडटायरच ठेवले आहेत आणि प्रत्येक थांब्यावर फटीत बॅटरी मारून पाहतो. दगड दिसला की पहारीने काढतो.

हवेबद्दल मात्र धागाकर्त्यांना विचारते, दाब किती ठेवता?

चाकोरीबाहेर:
सहाही टायरना ९५ पीएसआय. टायरवाल्याने एवढाच सांगितला होता.

उंडगी:
तो पूर्ण भाराचा दाब असणार. आपल्याकडे आता प्रत्येक आसाचे वजन आहे, तेव्हा टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यावरून आपला दाब काढा. तो बराच खाली येईल आणि या एका फुकट उपायाने केळदचा अर्धा त्रास जाईल. कच्च्यावर त्याहून खाली जायचे असेल तर वेग ताशी २०-२५च्या वर नेऊ नका आणि डांबरीवर चढण्याआधी हवा पुन्हा भरा. नायलॉन टायर कमी दाबाला लवकर तापतात, रेडियल त्या मानाने सोसतात. ट्यूबचे टायर असतील तर फार खाली जाऊच नका, कारण टायर रिमवर सरकतो, त्याबरोबर ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून उपटतो.

रिंगवाली रिम असेल तर हवा भरताना समोर कधीही उभे राहू नका. ती रिंग सुटली की तोफगोळ्यासारखी येते.

चालान:
विषय बदलतो आहे असे वाटेल, पण बदलत नाही. आपण हौदा काढून पेटी बसवली, त्याची नोंद आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) झाली आहे का? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील आणि कारखान्याचे मूळ स्वरूप यांत फरक पडेल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. मोटार कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशा फिरत्या घरांसाठी, एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. त्याच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच आहे. त्यामुळे सबफ्रेम नव्याने करणारच असाल तर ती कोणत्या मानकाला उतरली पाहिजे, हे आधी विचारून घ्या. दोनदा खर्च होणार नाही. अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

परवान्याबाबत मात्र दिलासा आहे. एकूण अनुज्ञेय वजन ७,५०० किलोपर्यंतचे वाहन हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम ठेवले.

चाकोरीबाहेर:
प्रामाणिकपणे सांगायचे तर कागदांचे काम एजंटाकडे देऊन मी निर्धास्त झालो होतो. काल फाईल मागवली तेव्हा कळले की ती संगम पुलाजवळच्या कार्यालयात पोचलेलीच नाही. आता मी स्वतः जातो आणि कागद पुरे होईपर्यंत गाडी दारातच राहील.

जुना फिटर:
गाडी दारात आहे तोवर देखभालीची वही सुरू करा. कच्च्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचे वेळापत्रक किलोमीटरवर नसते, ती कुठून आली त्यावर असते. ओढ्यातून गेली असेल तर त्याच आठवड्यात मागच्या आसाच्या हौसिंगचा प्लग उघडून तेल पाहा. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. तापलेले हौसिंग थंड पाण्यात पडले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जाण्यायेण्याच्या भोकातून) पाणी ओढते. ब्रीदरला नळी जोडून ती चेसिसच्या वर नेऊन बांधा, शंभर-दोनशे रुपयांचे काम आहे. शाफ्टच्या क्रॉसला (सांध्याला) आणि किंगपिनला (पुढचे चाक जिच्यावर वळते त्या पिनेला) नवीन ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस मारा, कारण बाहेर येणाऱ्या ग्रीसबरोबर पाणी आणि माती निघते. कमानी बांधल्यावर ५०० किलोमीटरनी यू-बोल्ट पुन्हा ठरलेल्या टॉर्कला आवळा. हे न केल्याने सेंटर बोल्ट तुटतो आणि आस तिरका होतो. चाक काढले असेल तर शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा आवळा.

एअर फिल्टर झटकून वापरू नका. कॉम्प्रेसरच्या हवेने कागद फाटतो, डोळ्यांना दिसत नाही आणि इंजिन धूळ खाते.

रिकामा टोप:
आणि आसन? मी तरी एअर सीट घ्याच म्हणेन. केबिन इंजिनावर असलेल्या गाडीत चालक पुढच्या आसाच्या डोक्यावर बसतो, पुढचा प्रत्येक धक्का त्याला थेट लागतो.

जुना फिटर:
या वेळी रिकामा टोप बरोबर बोलले. फक्त एअर ब्रेकच्या गाडीत आसनाची हवा ब्रेकच्या टाकीतून थेट घेऊ नये. ती संरक्षक व्हॉल्व्हच्या पुढच्या, पूरक जोडणीतून घ्यावी. आसनाची नळी फुटल्यावर ब्रेक गेले, असे व्हायला नको. एअर ब्रेक नसतील तर स्प्रिंगचे सस्पेन्शन असलेले आसन घ्या, त्यावर चालकाच्या वजनाचा खटका असतो.

उंडगी:
स्पितीचा विचार आहे म्हणून एक सांगते. आपली गाडी बीएस-४ आहे, त्यामुळे धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची चिंता कदाचित नसेल. पण त्याची टाकी असेल तर लक्षात ठेवा, ते द्रावण उणे ११ अंशांना गोठते. आणि इथून भरून नेलेले डिझेल तिथल्या थंडीत मेणासारखे होते. वर पोचायच्या आत डिझेलची टाकी रिकामी करत जा आणि तिथले हिवाळी डिझेल भरा.

चाकोरीबाहेर:
पाच महिन्यांनी लिहितो आहे, क्षमस्व. कागद पूर्ण झाले, पेटीसह नोंद झाली. सबफ्रेम नवीन केली, पुढे दोन्ही बाजूंना स्प्रिंगचे बोल्ट आहेत. पाण्याची टाकी मधोमध आणली, आता डाव्या-उजव्या बाजूंत ३० किलोचा फरक आहे. कमानी सुट्या केल्या तेव्हा पाट्यांमधून निघालेल्या गंजाने घमेले अर्धे भरले. पाटे काढले नाहीत, फक्त ग्रीस, नवे बुश आणि मागे शॉक. हवा तक्त्याप्रमाणे पुढे ७५, मागे ६०. आसन अजून घेतलेले नाही.

मागच्या रविवारी पुन्हा केळदला गेलो. त्याच खड्ड्यात मागचे डावे चाक घातले आणि उतरून पाहिले. पुढच्या उजव्या कोपऱ्यात सबफ्रेम चेसिसपासून दोन बोटे सुटली होती. मागचे दार उघडले. सौ.ने आत उभे राहून चहा टाकला आणि भांड्यातला चहा एका बाजूला कलला, पण सांडला नाही.

परत येताना पाबे घाटाच्या उतारावर ब्रेक लावला की पुढून डावीकडून एक बारीक टकटक ऐकू येते. किंगपिन असेल की ड्रममध्ये खडा?

जुना फिटर:
पुढचे डावे चाक जॅकवर घ्या, वरखाली धरून हलवा आणि त्या वेळी दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावरही खेळ राहिला तर किंगपिन, गेला तर व्हील बेअरिंग. दोन्हींत खेळ नसेल तर ड्रम उघडा.